आर्वोचं कुलूप

हिर्विकोस्की गावाच्या पुठ्ठा कारखान्यात सहा नंबरच्या ड्राइव्हने जून लागल्यापासून सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. ड्राइव्ह म्हणजे मोटरला किती वेगाने फिरायचं ते सांगणारं कपाटाएवढं यंत्र. सकाळभर हा गडी गुणी बाळासारखा चालायचा. दुपारी बाहेर ऊन चढलं की बसकण मारायचा आणि पडद्यावर एकच ओळ दाखवायचा: 'आतल्या प्रोसेसरचा बिघाड'. मोटर थांबली की रोलर थांबायचा आणि ओल्या पुठ्ठ्याची लांबलचक चादर फाटून तिचा ढिगारा व्हायचा. मग खालच्या माणसांनी यंत्राच्या पोटात शिरून तो लगदा हातांनी उपसायचा आणि देखभालीचा मुकादम ऑस्मो याने विजेचं काम बघणाऱ्या तुइरेला बोलावणं धाडायचं.

तुइरेचं अर्धं आयुष्य या ड्राइव्हच्या खोलीत गेलं होतं. बाकीच्या बिघाडांशी तिचं बरं जमायचं, कारण ते निदान काहीतरी बोलायचे. एक म्हणायचा वीज कमी आली, दुसरा म्हणायचा मोटर तापली, तिसरा म्हणायचा तार तुटली. हा एकच बिघाड असा की त्याला आपल्याला काय झालंय हेच सांगता यायचं नाही. सांगणार कोण? सांगणाराच तर बेशुद्ध पडलेला. तुइरे वीज तोडायची, आत साठलेली वीज निथळेपर्यंत स्टुलावर बसून राहायची आणि पुन्हा चालू करायची. तो उठायचा आणि जणू काही झालंच नाही असा चालू लागायचा. तिने त्याचं डोकं, म्हणजे प्रोसेसरचं कार्ड, बदललं. पुन्हा बदललं. मग बनवणाऱ्या कंपनीचा एक तरुण इंजिनियर दक्षिणेकडून आला. त्याने तिसरं कार्ड बसवलं, लॅपटॉप जोडून नवा प्रोग्राम भरला, कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप दोनदा मागून घेतलं आणि सगळं उत्तम आहे म्हणून निघून गेला. तो महामार्गाला लागला असेल नसेल, तोवर सहा नंबर पुन्हा आडवा.

तेव्हापासून लोक म्हणू लागले, की हा आर्वो आहे.

म्हणायला कारण होतं. सहाच्या शेजारी सात नंबरचं कपाट, आणि साताच्या मेन स्विचच्या दांड्याला आर्वोचं कुलूप लटकलेलं. लाल रंगाचं, वर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव. आर्वो म्हणजे तुइरेचा नवरा. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो तळघरातला जादा पंप दुरुस्त करत होता, आणि त्या पंपाचा ड्राइव्ह म्हणजे हा सात नंबर. मध्येच त्याने हात पुसले, सवयीप्रमाणे दोनदा खाकरला, आणि "जरा वारा खाऊन येतो" म्हणून नदीकाठच्या बाकावर जाऊन बसला. ऑस्मो कॉफीचे दोन कप घेऊन गेला तेव्हा आर्वो बसलेलाच होता, पण कॉफी घेण्यापलीकडे गेला होता.

कुलूप मात्र राहिलं. त्या कारखान्यात ख्रिसमसलासुद्धा चर्चकडे न फिरकणारी माणसं होती, पण कुलपाच्या बाबतीत सगळे कट्टर. प्रत्येकाला एक कुलूप आणि एकच किल्ली. यंत्रात हात घालण्याआधी स्विच बंद करून त्यावर आपलं कुलूप लावायचं. कुलूप लटकतंय म्हणजे माणूस आत आहे, आणि त्याचा जीव त्या दांड्यावर टांगलेला आहे. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावायचा नाही. आर्वोची किल्ली त्याच्या कपड्यांबरोबर तुइरेकडे आली होती. शवपेटी बंद करायच्या आधी तिने ती त्याच्या कोटाच्या खिशात सरकवली. का सरकवली, ते तेव्हा तिलाही सांगता आलं नसतं.

कुलूप तोडायची सोय नव्हती असं नाही. एखादा विसराळू आपलं कुलूप तसंच ठेवून घरी जायचा आणि इकडे सगळं काम अडायचं. तेव्हा मुकादमाने दुसऱ्या एकाला बरोबर घ्यायचं, यंत्राभोवती फिरून तीन ठिकाणी थांबायचं आणि कुलूपवाल्याला नावाने मोठ्याने हाक मारायची. एकेका हाकेनंतर थांबून ऐकायचं. तिन्ही हाकांना उत्तर आलं नाही, तरच कुलपाला कटर लावायचा. उत्तर आलं, तर कटर खाली. ही रीत आजोबांच्या काळातली होती. त्या काळच्या एका घाईच्या मुकादमाने हाक न मारता कुलूप तोडलं होतं आणि लगद्याच्या हौदात माणूस होता. एरवी हा सगळा गमतीचा मामला असायचा. हाका मारणारे गळे काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी विसराळूने सगळ्यांना वेलची घातलेले गोड पाव खाऊ घालायचे.

आर्वोच्या वेळी मात्र सगळे मूग गिळून बसले. "पंप जादाचाच आहे, राहू दे," असं ऑस्मो म्हणाला, आणि ते राहिलं. म्हणजे कारखान्याच्या रीतीप्रमाणे आर्वो अजून आत होता.

तुइरेला ते हवंहवंसं होतं. घरी त्याची उशी होती, त्याचे बूट होते, आणि तो नाही हे घरातली प्रत्येक वस्तू तिला दिवसातून चारदा सांगायची. इथे मात्र लोखंडावर लाल रंगात लटकत होतं, की आर्वो कामावर आहे. सकाळी येता येता ती बोटांच्या मागच्या बाजूने कुलपाला नुसती शिवून जायची. कधी सहाच्या दारात डोकं घालून बसलेली असताना पाठीमागे दोनदा खाकरल्याचा आवाज यायचा. ती वळून पाहायची नाही. पाहिलं की तिथे कुणी नसणार हे तिला ठाऊक होतं. तिने पाहिलंच नाही तर मात्र काही सांगता येत नव्हतं.

त्या खाकरण्याने पाचावर धारण बसायची ती फक्त इतरांची. नवी पोरं त्या खोलीत एकेकटी जायला तयार नसत. ऑस्मो म्हणायचा, "लेकांनो, स्विचचा खटका वाजतो तो. तुमच्यापेक्षा तो खटका जास्त काम करतो." पण तोसुद्धा आत शिरताना दारावर टकटक करायचा.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ऊन फारच वाढलं. एका दुपारी सहा पुन्हा पडला. तुइरेने वीज तोडली, थांबली, दार उघडलं, आणि कार्ड काढायला हात वरच्या कप्प्यात घातला तो चटकन मागे घेतला. कप्पा तव्यासारखा तापला होता. खालचा भाग मात्र गार होता. त्याचा पंखा वेगळा, आणि पडद्यावरचं तापमान तिथलंच दिसायचं, म्हणून आजवर कुणाला शंकाच आली नव्हती. वरच्या कप्प्यातली गरम हवा ओढायला कपाटांच्या छतात एक वेगळा पंखा होता. तुइरे स्टुलावर चढली. पंख्याच्या पात्यांवर कागदाच्या भुकटीचा थर होता, कोळ्याने जाळं विणलं होतं आणि कोळीही कधीच निघून गेला होता. पंखा दोन वर्षांत फिरलाच नव्हता.

त्याची तार कुठून येते ते तिने बोट ठेवून पाहिलं. ती साताच्या पोटात जात होती. ही रांग उभारणाऱ्या कुणा शहाण्याने पाच, सहा आणि सात यांचा छतावरचा पंखा साताच्या स्विचमागे जोडून ठेवला होता. पाच कोपऱ्यात, भिंतीतल्या झडपेपाशी, म्हणून तो निभावून गेला. मागचा उन्हाळा पावसात गेला, म्हणून सहाही निभावून गेला. आता त्याचं डोकं रोज दुपारी भाजून निघत होतं आणि त्याला ते सांगता येत नव्हतं.

तार दुसरीकडून ओढायची तर छत उघडावं लागणार, आणि छताचे बोल्ट साताच्या आतून. साताचं दार दांडा फिरवल्याशिवाय उघडत नाही, आणि दांड्याला कुलूप. तुइरेने हे सगळं डोक्यात दोनदा फिरवून पाहिलं. मग तिने दार लावलं आणि ऑस्मोकडे गेली.

"कार्डच खराब आहे," ती म्हणाली. "दुसरं मागव."

"चौथं?" ऑस्मो म्हणाला. "अगं, हा कार्डं खातो की काय?"

"मागव म्हटलं ना."

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि सही केली. परत येऊन ती स्टुलावर बसली तेव्हा पाठीमागे कुणीतरी दोनदा खाकरलं.

"कळलंय मला," तुइरे पुटपुटली. "तू गप्प बस."

पुढचे काही दिवस तिने कॅन्टीनमधला टेबलफॅन आणून सहासमोर लावला आणि दार किलकिलं ठेवलं. आत भुकटी जमली. ऑस्मोने पाहिलं आणि तोंड न उघडता पंखा उचलून नेला, कारण त्या भुकटीला एक ठिणगी पुरते. लाज तिला वाटत होती. पण कुलूप निघाल्यावर त्या रांगेतून रोज सकाळी कसं जायचं, या विचारापुढे लाज कुठल्या कुठे जायची.

मग सैलाचा हात यंत्रात सापडला. सैला खाली रोलरच्या पाळीवर होती. तिशीची, तोंडाची फटकळ, आणि सणावारी नाचाच्या मांडवात अकॉर्डियन वाजवणारी. सहा पडला, चादर फाटली, आणि ती नेहमीसारखी लगदा उपसायला आत शिरली. वरचा ओला ढिगारा घसरून खाली आला आणि तिचा डावा हात चौकटीवर चेपला गेला. दोन बोटं मोडली. तिसऱ्याचं काय होतं ते बघू, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रजेचे कागद द्यायला ती आली आणि कॅन्टीनमध्ये हाताला ही मोठी पट्टी बांधून बसली. तुइरे समोर जाऊन बसली.

"तुझ्या नवऱ्याला जरा समजाव," सैला म्हणाली. "त्याच्या पन्नाशीला मी वाल्स नाचाची एकच धून दोनदा वाजवली, त्याचा राग अजून धरून बसलाय."

"दुखतंय का?"

"दुखण्याचं काही नाही गं." सैलाने कप उजव्या हाताने उचलला, पण पाव तोडायला दुसरा हात नव्हता, म्हणून तो तसाच राहिला. "डॉक्टर म्हणतो, बोटं वाकायला लागतील कदाचित. मी म्हटलं, कदाचित नको, नक्की सांग. तर तो खिडकीबाहेर बघायला लागला."

तुइरेने तिचा पाव तोडून बशीत ठेवला. सैला हसली आणि मग तिचे डोळे भरून आले, आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. तुइरेच्या मनात आलं की ही बोटं मी मोडली आहेत. आर्वोने नाही, उन्हाने नाही, मी. ती उठली आणि थेट ऑस्मोच्या खोलीत गेली.

"सहाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "त्याला वारा नाही."

"मग दे वारा."

"वारा सातातून येतो."

ऑस्मोने हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्याने थर्मासमधून दोन कप भरले आणि एक तिच्याकडे सरकवला.

"कधीपासून माहीत आहे?"

"आठवडा झाला."

"तरीच," तो म्हणाला. "चौथं कार्ड मागितलंस तेव्हाच वाटलं होतं, कुठंतरी पाणी मुरतंय. तरी मी सही केली. तुझ्या एकटीचं काही नाही, तुइरे. मलाही तो आत असलेला बरा वाटत होता." त्याने नाक ओढलं. "त्या दिवशी कॉफी आणताना मी उगाच रेंगाळलो. कुणाशी तरी मासेमारीच्या गप्पा मारत बसलो."

"तोडायला हवं, ऑस्मो."

"सणाच्या सुट्टीला यंत्र थांबतं तेव्हा तोडू. मी एकटाच तोडतो हवं तर. हाका वगैरे राहू दे. मेलेल्या माणसाला काय हाका मारायच्या."

"माझं कुलूप असतं तर हाक न मारता तोडलं असतंस?"

ऑस्मोने नकारार्थी मान हलवली.

"मग त्याचंही नाही," तुइरे म्हणाली. "आणि हाका मी मारणार."

युहान्नुसच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या, आदल्या दुपारी कारखाना थांबला. फाटकाला बर्चच्या फांद्या बांधल्या होत्या, आणि माणसं गाड्यांत बियरचे खोके भरून तळ्याकाठच्या झोपड्यांकडे निघून गेली होती. शेवटची गाडी गेली आणि मग यंत्राचा आवाज नसणं ऐकू यायला लागलं. वर्षभर त्या घरघरीत जगणाऱ्यांना ती शांतता अंगावर येते. ऑस्मोच्या खांद्यावर कटर होता. दोघं चालू लागले तेव्हा त्यांच्याच पावलांचा आवाज त्यांच्या मागून येत होता, आणि ऑस्मोने एकदा वळून पाहिलंच.

पहिली हाक लगद्याच्या हौदापाशी. तुइरेने काठावर उभं राहून आत पाहिलं. दोन वर्षांत तिने हे नाव मोठ्याने उच्चारलं नव्हतं. घरात उच्चारायची गरज पडत नव्हती, आणि बाहेर लोक ते ऐकून माना खाली घालायचे. तोंडालाच कुलूप बसलं होतं.

"आर्वो!"

नाव हौदात उतरलं, भिंतीला लागलं आणि जरा जाड होऊन वर आलं. वरच्या तुळईवरून दोन पाकोळ्या उडाल्या. दोघं थांबले. काही नाही.

दुसरी हाक तळघरात, जादा पंपापाशी. तिथे दिवा एकच होता आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं. आर्वोचा हातमोजा पंपाच्या पाइपावर तसाच पडलेला होता. तो कुणी उचलला नव्हता, की नंतर कुणी आणून ठेवला होता, देव जाणे. तुइरेने हाक मारली. ठिबकणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. ऑस्मोच्या कपाळावर घाम होता.

"पाइपात हवा अडकली असेल," तो म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तिसरी हाक ड्राइव्हच्या खोलीत, साताच्या समोर. खिडकीतून दुपारचं ऊन थेट आत आलं होतं आणि कुलपाचा लाल रंग त्यात उठून दिसत होता. ऑस्मो दारातच थांबला. तुइरे जवळ गेली, इतकी की तिचा श्वास पत्र्याला लागला.

"आर्वो!"

आधी दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

आणि मग, कपाटाच्या आतून की तिच्या पाठीमागून ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही, पण तो बोलला. "हो गं. इथंच आहे. काय झालं?"

त्यात भीतीचं काही नव्हतं. घरी तो सिंकखाली पाइप दुरुस्त करत पडलेला असायचा आणि ती जेवायला हाक मारायची, तेव्हा तो असाच ओ द्यायचा, जरासा वैतागलेला, हात कामात अडकलेले. दोन वर्षं ती याच एका आवाजासाठी रोज सकाळी या रांगेतून येत होती.

तिने मागे पाहिलं. ऑस्मो कान देऊन उभा होता. त्याने काही ऐकलं होतं की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. रीत अशी, की हाक मारणाऱ्याचा शब्द शेवटचा.

"आलं का उत्तर?" त्याने विचारलं.

'हो' म्हटलं असतं तर त्याने कटर खाली ठेवला असता. एक शब्द विचारला नसता. कुलूप राहिलं असतं, आणि आर्वो आत राहिला असता, उद्या, परवा, ती निवृत्त होईपर्यंत. सहा नंबर रोज दुपारी बेशुद्ध पडला असता आणि खाली कुणीतरी हातांनी लगदा उपसला असता. तुइरेला तो पाव दिसला, सैलाला एका हाताने तोडता न आलेला. या खोलीत आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं. इथे खोटं बोललं की माणूस मरतो.

"नाही," ती म्हणाली.

तिने कटर ऑस्मोच्या हातून घेतला. कुलपाची कडी जाड होती, दोनदा जोर लावावा लागला. ते फरशीवर पडलं, आणि तिने दांडा फिरवला. छतावरचा पंखा आधी कण्हला, मग फिरला. दोन वर्षांची भुकटी दोघांच्या डोक्यावर पिठासारखी सांडली. तुइरेने सहाची वीज तोडली, आपलं कुलूप लावलं आणि वरच्या कप्प्यात हात घालून धरला. बराच वेळ धरून ठेवला. हवा हलत होती, आणि कार्ड हळूहळू निवत गेलं. पाठीमागे कसलाही आवाज आला नाही.

ऑस्मोने कुलूप उचलून रुमालाने पुसलं. मग तोच रुमाल उलटा करून त्याने नाक साफ केलं.

"एक राहिलं," तो शेवटी म्हणाला. "रीत आहे म्हणून बोलतो, रागावू नकोस. ज्याचं कुलूप तोडलं त्याला पुढच्या पाळीआधी सांगायचं असतं. कबरीवर जाणार असशील, तर मी गाडीने सोडतो."

तुइरेने केसांतली भुकटी झटकली.

"नको," ती म्हणाली. "त्याने ऐकलंय."

ऑस्मोने तिच्याकडे पाहिलं. मग त्याची नजर साताच्या मोकळ्या दांड्याकडे गेली, आणि त्याने कुलूप तिच्या हातात दिलं.